मालिकेवरचा विकिपीडिया लेख: कथानक सगळ्यात शेवटी लिहा

मराठी विकिपीडियावर मालिकांचे लेख ढिगाने आहेत आणि त्यातले बरेच एकाच पद्धतीने बिघडलेले आहेत. कोणीतरी प्रोमो पाहतं, त्याच रात्री पान उघडतं, कलाकारांची यादी टाकतं. मग दर आठवड्याला ‘नायिकेला सत्य समजते’ अशी एकेक ओळ वाढत जाते. मालिका संपली की ओळी टाकणारा नव्या मालिकेकडे वळतो. मागे उरलेल्या पानावर सासूने कोणत्या भागात दागिने चोरले ते सापडतं, पण मालिका मुळात कोणत्या भाषेतली होती आणि कधी संपली ते सापडत नाही.

मीही असंच सुरू केलं होतं. माझं पहिलं पान तीन महिन्यांत इतकं वाढलं की ते नीट करण्यापेक्षा पुन्हा लिहिणं सोपं गेलं. तेव्हापासून एक क्रम ठरवून घेतलाय, तोच इथे देतो. उदाहरणासाठी मुख्यतः स्टार प्रवाहवरची ‘आई कुठे काय करते!’ घेतली आहे, कारण नेहमीच्या बहुतेक चुका या एका मालिकेवर दाखवता येतात.

एक खुलासा आधीच करतो. मी इथे ‘केलं’, ‘झालं’ असं लिहितोय. लेखात मात्र ‘केले’, ‘झाले’ असंच लिहायचं.

१. लेख हवा का, ते आधी ठरवा

मालिका लोकप्रिय आहे, एवढ्यावर लेख उभा राहत नाही. मालिकेशी आर्थिक संबंध नसलेल्या कोणीतरी तिच्याबद्दल दोन-तीन वेळा सविस्तर लिहिलेलं असावं. वर्तमानपत्रातलं परीक्षण, निर्मितीवरचा लेख, एखाद्या कथानकावरून झालेल्या वादाची बातमी, असं काहीही चालेल. ‘आजपासून नवी मालिका’ ही चार ओळींची बातमी यात धरू नका.

नुसता प्रोमो आलेल्या मालिकेवर पान काढू नका. सुरू होण्याची तारीख पुढे जाते, नाव बदलतं, कधी मालिका येतच नाही. तोपर्यंत वाहिनीच्या पानावर ‘आगामी’ म्हणून संदर्भासह एक ओळ पुरे.

तपासा: त्याच मालिकेवर वेगळ्या शुद्धलेखनाने पान आधीच आहे का? शोधपेटीत नाव दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. ही पायरी गाळल्यामुळे एकाच मालिकेची दोन पानं होतात आणि मग ती एकत्र करण्याचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. हे का होतं ते तिसऱ्या टप्प्यात येईलच.

२. संदर्भ जमवा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

पान उघडण्याआधी एक साधी वही किंवा तक्ता करा. त्यात चार रकाने हवेत: माहिती काय, कोणी सांगितली, कुठे छापली, कोणत्या तारखेला. माझा निम्मा वेळ इथेच जातो, आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

संदर्भ तीन ढिगांत टाकायचे.

पहिला ढीग स्वतंत्र संदर्भांचा. लोकसत्ता, महाराष्ट्र टाइम्स, सकाळ, लोकमत यांच्या पुरवण्यांतले स्वाक्षरी असलेले लेख, परीक्षणं, दूरचित्रवाणीवरचे अभ्यासलेख यात येतात. मालिकेचं महत्त्व, टीका, प्रभाव याबद्दल जे काही लिहाल ते याच ढिगातून लिहा.

दुसरा ढीग वाहिनीशी जोडलेल्या संदर्भांचा: वाहिनीचं संकेतस्थळ, ओटीटीवरचं मालिकेचं पान, अधिकृत यूट्यूब वाहिनी, कलाकाराची मुलाखत. तारखा, नावं, वेळ यांसाठी हे चालतात. मालिका ‘घराघरात पोचली’ हे वाहिनीच्या तोंडून आलं असेल तर ते सोडून द्या. कलाकाराची मुलाखतही तो स्वतः काय म्हणाला एवढ्यापुरतीच.

तिसऱ्या ढिगात चाहत्यांची पानं, ‘आजच्या भागात काय घडणार’ छापाचे व्हिडिओ, गॉसिप पोर्टलं आणि इतर भाषांमधला विकिपीडिया. यातलं काहीही संदर्भ म्हणून द्यायचं नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या पानाखालचे संदर्भ उघडून वाचा आणि तेच मूळ संदर्भ द्या.

इशारा: पाच पोर्टलांवर बातमी आली म्हणजे पाच संदर्भ झाले, असं धरू नका. वाहिनीचं प्रसिद्धिपत्रक जसंच्या तसं सगळीकडे छापलं जातं. बातमीतलं एखादं लांबलचक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तेच वाक्य तीन ठिकाणी निघालं, तर तुमच्याकडे एकच संदर्भ आहे, आणि तोही दुसऱ्या ढिगातला.

दुवा सापडला की तो लगेच इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करा आणि जतन केलेला दुवा मूळ दुव्याबरोबर द्या. मालिकांच्या बाबतीत हे सोडून चालत नाही. कलर्स मराठीच्या मालिका एकेकाळी वूट या ओटीटीवर होत्या. २०२३ मध्ये वूट जिओसिनेमात विलीन झालं आणि २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. वूटच्या दुव्यांवर उभी असलेली पानं दोन वर्षांत दोनदा पोरकी झाली.

जुन्या मालिकांची अडचण वेगळीच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढची पंचवीस-तीस वर्षं जे दाखवलं गेलं त्याबद्दल इंटरनेटवर फार थोडं आहे, आणि जे आहे ते बहुतेक आठवणीतून लिहिलेलं. त्यासाठी ग्रंथालयात जाऊन वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळावे लागतात. छापील अंकाला दुवा नसतो म्हणून लोक तो संदर्भ देतच नाहीत. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक आणि लेखकाचं नाव दिलं की तो संदर्भ पूर्ण असतो. दुवा हवाच, असा नियम नाही.

तपासा: वहीत पहिल्या ढिगातले निदान दोन संदर्भ आहेत का? नसतील तर इथेच थांबा.

३. शीर्षक ठरवा

शीर्षक मालिकेच्या नामपट्टीवर, म्हणजे पडद्यावर झळकणाऱ्या नावात, असेल तेच. शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका. ‘होणार सून मी ह्या घरची’ मध्ये ‘ह्या’ आहे, ते ‘या’ करायचं नाही. ‘आई कुठे काय करते!’ मधलं उद्गारचिन्ह नावाचाच भाग आहे. लोक वेगळ्या पद्धतीने शोधतील त्या नावांची पुनर्निर्देशनं (त्या नावावरून आपोआप याच पानावर आणणारी सोय) करून ठेवा: उद्गारचिन्ह नसलेलं, ‘कुठं’ असलेलं, वगैरे.

आता मघाची दोन पानांची गोष्ट. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या नावातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. काही साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. म्हणून शोध रिकामा येतो आणि पान नाही असं समजून माणूस नवं पान काढतो. ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ असलेलं कोणतंही नाव दोन्ही प्रकारे शोधा आणि लेख झाल्यावर दुसऱ्या प्रकाराचं पुनर्निर्देशन करा.

नावाचा आणखी काही अर्थ असेल तर कंसात ‘मालिका’ जोडा. ‘अग्निहोत्र’ हा वैदिक विधी आहे, त्यामुळे मालिकेचं पान ‘अग्निहोत्र (मालिका)’ असंच हवं. ‘रात्रीस खेळ चाले’ ही तर १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ चित्रपटातल्या गाण्याची ओळ. गाण्याच्या शोधात आलेल्या माणसासाठी पानाच्या माथ्यावर एका ओळीची सोय करा.

पर्वांसाठी वेगवेगळी पानं काढण्याची हौस आवरा. ‘रात्रीस खेळ चाले’ ची तीन पर्वं एकाच पानावर तीन उपविभागांत मावतात. तिन्हीवर भरपूर स्वतंत्र लिखाण असेल तरच वेगळं पान.

४. धूळपाटीत सांगाडा उभा करा

थेट मुख्य पानावर लिहू नका. स्वतःच्या धूळपाटीत, म्हणजे कच्च्या मसुद्याच्या पानावर, फक्त मथळे टाका: प्रस्तावना, कथानक, कलाकार, निर्मिती, प्रसारण, रूपांतरे, प्रतिसाद, संदर्भ. वाचताना क्रम हाच राहील. भरताना क्रम वेगळा ठेवा: प्रसारण, निर्मिती, रूपांतरे, कलाकार, प्रतिसाद, मग कथानक आणि प्रस्तावना अगदी शेवटी.

५. माहितीचौकट आणि प्रसारण

माहितीचौकट म्हणजे लेखाच्या बाजूला ठळक माहिती देणारा तक्ता. चौकटीतला प्रत्येक रकाना भरायलाच हवा असं नाही. माहीत नसेल ते रिकामं सोडा. सगळ्यात जास्त गोंधळ पुढच्या चार ठिकाणी होतो.

*वाहिनीचं नाव.* मालिका चालू असताना वाहिनीचं जे नाव होतं ते लिहा. ‘चार दिवस सासूचे’ ई टीव्ही मराठीवर होती आणि २०१३ मध्ये संपली. ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली २०१५ मध्ये. म्हणून ‘कलर्स मराठीवरील मालिका’ हे तिच्याबाबतीत चूक. तसंच ‘आभाळमाया’ अल्फा मराठीवर सुरू झाली, तेव्हा झी मराठी हे नाव नव्हतं. वाहिनीचं आजचं नाव द्यायचंच असेल तर वाक्यात ‘आताची’ म्हणून द्या.

*दूरदर्शन आणि दूरचित्रवाणी.* ‘दूरदर्शन’ हे सरकारी प्रसारण संस्थेचं नाव आहे, टीव्हीला मराठीत शब्द आहे ‘दूरचित्रवाणी’. ‘ही झी मराठीवरील दूरदर्शन मालिका आहे’ हे वाक्य मी इतक्या पानांवर खोडलंय की आता हात आपोआप तिकडे जातो.

*तारखा.* ‘आई कुठे काय करते!’ २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपली. शेवटची तारीख म्हणजे शेवटचा भाग पहिल्यांदा दाखवला तो दिवस. ‘मालिका निरोप घेणार’ या बातमीची तारीख ती नव्हे, आणि पुनःप्रक्षेपणाची तर नव्हेच. टाळेबंदीत वाहिन्यांनी जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या तेव्हा काही पानांवर त्या २०२० मध्ये ‘सुरू झाल्या’.

*भागांची संख्या.* आठवडे गुणिले सहा, असं करून आकडा काढू नका. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं आणि नवे भाग जुलैपर्यंत आले नाहीत. एवढ्या एका खंडाने नव्वदच्या आसपास भागांचा फरक पडतो. शिवाय रविवारचा महाएपिसोड कधी एक भाग म्हणून मोजतात, कधी दोन. ओटीटीवरची क्रमसंख्या वाहिनीच्या आकड्याशी जुळेलच असंही नाही. संदर्भात छापलेला आकडा मिळाला तर तो संदर्भासह द्या, नाहीतर रकाना रिकामा ठेवा.

वेळ बदलली असेल तर छोटा तक्ता करा: वार, वेळ, कधीपासून. आपल्या उदाहरणातली मालिका बहुतेक काळ संध्याकाळी साडेसातला होती आणि शेवटच्या वर्षी दुपारी गेली. चौकटीत फक्त शेवटची वेळ ठेवली तर वाचकाला ती दुपारची मालिका वाटेल. ‘आधी’ आणि ‘नंतर’ या रकान्यांतही मग घोळ होतो. त्या वेळेला आधी कोणती मालिका होती, हे कोणत्या वेळेबद्दल सांगताय ते स्पष्ट करा, नाहीतर ते रकाने वगळा. माझं मत विचाराल तर वगळाच. वेळेच्या जागा कुणाकडून कुणाकडे गेल्या ही वाहिनीच्या नियोजनाची माहिती आहे, मालिकेबद्दल त्यातून काही कळत नाही.

तपासा: लेखात कुठे ‘सध्या’, ‘लवकरच’, ‘नुकतीच’ हे शब्द आलेत का? ते काढून तिथे महिना-वर्ष घाला. हे शब्द लिहिल्याच्या दिवसापासून नासायला लागतात.

६. निर्मिती आणि रूपांतरे

हा भाग बहुतेक पानांवर नसतोच. खरं तर बाहेरच्या वाचकाला हाच लागतो.

निर्मितीत कथा, पटकथा, संवाद ही श्रेयं वेगवेगळी द्या. रूपांतरित मालिकेत तर हे फारच महत्त्वाचं, कारण कथा एका भाषेतल्या लेखकाची असते आणि संवाद मराठी लेखकाचे. श्रेयनामावलीतून नावं उतरवून घ्या आणि दिग्दर्शक बदलला असेल तर कधी, तेही लिहा. चित्रीकरणाच्या जागांबद्दल संदर्भ असेल तरच लिहा. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणावर बंदी आल्यावर बऱ्याच मराठी मालिकांचे संच गोव्यात आणि इतरत्र हलले, मग गोव्यातही चित्रीकरण थांबलं. हे खरंच आहे, पण म्हणून ‘तुमची’ मालिका गोव्याला गेली होती असं गृहीत धरू नका.

आता रूपांतर. ‘आई कुठे काय करते!’ ही हिंदी ‘अनुपमा’ची नक्कल आहे, असं कोणीतरी दर काही महिन्यांनी पानावर लिहून जातं. तारखा मांडून पाहा. स्टार जलसावरची बंगाली ‘श्रीमयी’ जून २०१९ मध्ये आली. मराठी मालिका डिसेंबर २०१९ मध्ये. ‘अनुपमा’ स्टार प्लसवर आली १३ जुलै २०२० रोजी. म्हणजे मूळ बंगाली, आणि मराठी रूपांतर हिंदीच्याही आधीचं. मराठी आणि हिंदी या दोन्हींची निर्मिती संस्थाही एकच आहे, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो.

म्हणून रूपांतरांचा तक्ता करताना चार रकाने पुरतात: भाषा, नाव, वाहिनी, पहिल्या प्रसारणाची तारीख. तारखेप्रमाणे लावा आणि मूळ मालिकेपुढे ‘मूळ’ लिहा. उलट दिशाही विसरू नका. ‘तुला पाहते रे’ मूळ मराठी आहे आणि तिच्यावरून २०१९ मध्ये कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’ झाली. मराठीतून बाहेर गेलेल्या मालिकांची नोंद आपल्याच पानांवर नसेल तर ती इतर कोणी ठेवणार नाही.

इशारा: दोन मालिकांची गोष्ट सारखी ‘वाटते’ म्हणून एकीला दुसरीचं रूपांतर म्हणू नका. हे तुमचं निरीक्षण झालं, आणि ते कितीही बरोबर असलं तरी लेखात बसत नाही. कोणीतरी ते छापलेलं हवं.

७. कलाकार आणि पात्रं

आधी कलाकार, मग पात्र, मग पात्राची अर्ध्या ओळीत ओळख. मुख्य आणि महत्त्वाची सहायक पात्रं पंधरा-वीस असतात, तेवढीच घ्या. एका भागात दार उघडून गेलेला वॉचमन नको.

कलाकार बदलला तर जुन्याचं नाव खोडून नवं टाकू नका. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये शनाया आधी रसिका सुनील यांनी साकारली, मग ईशा केसकर यांनी, आणि नंतर पुन्हा रसिका सुनील यांनी. पात्र एक, त्याखाली दोन नावं, प्रत्येकापुढे वर्षं. ‘आई कुठे काय करते!’ मधल्या संजनाचंही तसंच: आधी दीपाली पानसरे, मग रुपाली भोसले.

बदल का झाला ते मात्र लिहू नका, जोवर स्वतः कलाकाराने किंवा निर्मात्याने ते जाहीरपणे सांगितलेलं नसेल. जिवंत माणसांबद्दल संदर्भ नसलेला मजकूर दिसला तर चर्चा पानावर विचारत बसायचं नाही, लगेच काढायचा. भांडण, मानधन, आजारपण, लग्न हे सगळं यात आलं.

भाषेची एक बारीक गोष्ट: माणसांसाठी आदरार्थी, पात्रांसाठी एकेरी. ‘मधुराणी प्रभुलकर यांनी अरुंधती साकारली, अरुंधती ही गृहिणी आहे.’ एवढं पाळलं की कोण खरं आणि कोण गोष्टीतलं, हे वाचकाला क्रियापदावरूनच कळतं.

८. प्रतिसाद: टीआरपी आणि पुरस्कार

आठवड्यागणिक टीआरपीचे तक्ते टाकू नका. दीडशे ओळींचा तक्ता कोणी वाचत नाही, आणि त्याला संदर्भ जवळजवळ नसतोच. असतो तो समाजमाध्यमांवर फिरणारा फोटो. त्यातही रकान्याला ‘टॅम टीव्हीआर’ (टॅम ही प्रेक्षकसंख्या मोजणारी आधीची संस्था) असं नाव दिलेलं असतं, आणि आकडे २०१५ नंतरचे. देशातल्या वाहिन्यांचं मोजमाप २०१५ पासून बार्क करते. जुन्या पानावरून तक्ता उचलला की मथळाही उचलला जातो.

वर्तमानपत्राने ‘अमुक वर्षात ही मालिका मराठीत पहिली होती’ असं छापलं असेल तर ते एका वाक्यात, वर्ष आणि संदर्भासह लिहा. बास.

पुरस्कारांचे दोन गट करा. ‘झी मराठी उत्सव नात्यांचा’ किंवा ‘स्टार प्रवाह परिवार पुरस्कार’ हे वाहिनी आपल्याच मालिकांना देते. ते नोंदवायला हरकत नाही, पण कोणी दिले ते स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि मालिका उल्लेखनीय असल्याचा पुरावा म्हणून ते धरायचे नाहीत. घरच्या हळदीकुंकवात मिळालेलं वाण आहे ते. बाहेरच्या संस्थेचे पुरस्कार वेगळ्या यादीत, वर्ष आणि विभागासह.

परीक्षणांमधली स्तुती आणि टीका दोन्ही घ्या, टीकाकाराचं नाव घालून. ‘प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले’ हे तुमच्या नावावर जमा होतं, ‘समीक्षकांच्या मते’ हे कोणाच्याच नावावर जात नाही. दोन्ही नकोत.

९. कथानक

इथपर्यंत आलात म्हणजे पान अर्धंअधिक भरलंय आणि कथानकाला किती जागा द्यायची ते आपोआप दिसतं. इंग्रजी विकिपीडियावर एका भागाच्या सारांशाला दोनशे शब्दांची मर्यादा पाळतात. दैनंदिन मालिकेला तो हिशेब लावला तर हजार भागांची कादंबरी होईल. मी अख्ख्या मालिकेला तीनशे ते चारशे शब्द देतो आणि ते तीन परिच्छेदांत बसवतो: सुरुवातीची परिस्थिती, दिशा बदलणारी चार-पाच वळणं, आणि शेवट.

वळण कोणतं आणि भराव कोणता, हे ओळखायला एक सोपी चाळणी आहे. ती घटना काढून टाकली तर शेवट बदलतो का? बदलत नसेल तर ती गाळा. अपहरण, स्मृतिभ्रंश, मंगळसूत्र हरवणं आणि सापडणं यातलं नव्वद टक्के या चाळणीत खाली पडतं. दोन मालिकांचा महासंगम, सणांचे विशेष भाग हेही गाळा. विशेष भागांची नावं आणि तारखा यांची लांबच लांब यादी तर मुळीच नको, ती वाहिनीच्या जाहिरातीतल्या ओळींची यादी असते.

काळ वर्तमान ठेवा. असं लिहिलेलं सापडतं:

‘अरुंधतीवर आभाळ कोसळले. आता ती काय करणार? अनिरुद्धचे खरे रूप सर्वांसमोर येईल का?’

त्याऐवजी:

‘पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पती अनिरुद्धचे त्याची सहकारी संजना हिच्याशी संबंध असल्याचे अरुंधतीला समजते. ती घटस्फोट घेते. अनिरुद्ध संजनाशी लग्न करतो. अरुंधती स्वतःच्या पायावर उभी राहते आणि पुढे आशुतोषशी विवाह करते.’

काही वर्षांचं कथानक इथे चार वाक्यांत पुढे सरकतं. शेवट लपवू नका. ‘पुढे काय होते हे पाहणे रंजक ठरेल’ हे वाक्य प्रोमोचं आहे. ज्ञानकोशाकडे माणूस शेवट काय झाला हे विचारायलाच येतो.

मालिका चालू असेल तर कथानक रोज वाढवायचा मोह होतो. सहा महिन्यांतून एकदाच हात लावा. काय टिकलं आणि काय वाहून गेलं, ते तेव्हा कळतं.

ऐतिहासिक मालिकांसाठी वेगळी काळजी घ्या. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ किंवा ‘उंच माझा झोका’ यांच्या पानावर ‘मालिकेत असे दाखवले आहे’ ही चौकट प्रत्येक वाक्यात जाणवली पाहिजे. मालिकेतला प्रसंग इतिहास म्हणून मांडू नका. उलट दिशेची चूक तर जास्त घातक आहे: खऱ्या व्यक्तीच्या लेखात मालिकेतला प्रसंग संदर्भ म्हणून देणं, किंवा तिथल्या चौकटीत वेशभूषेतल्या नटाचा फोटो लावणं. असं दिसलं तर आधी ते काढा, मग आपल्या लेखाकडे वळा.

१०. चित्रं, गीत आणि हक्क

मालिकेचं पोस्टर, नामपट्टी, भागातला स्क्रीनशॉट हे वाहिनीच्या मालकीचं. विकिपीडियाची चित्रं जिथे साठवतात त्या विकिमीडिया कॉमन्सवर फक्त मुक्त परवान्याची चित्रं चालतात, त्यामुळे तिथे चढवलेलं पोस्टर उडवलं जातं आणि तुमच्या पानावर तुटलेला दुवा राहतो. कलाकाराचा मुक्त परवान्याचा फोटो कॉमन्सवर असेल तर तो वापरा. नसेल तर पान चित्राविना ठेवा, काही बिघडत नाही.

शीर्षकगीताचे शब्द उतरवू नका. गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं पुरेत. वाहिनीच्या संकेतस्थळावरचा परिचय चिकटवणं हाही हक्कभंगच. दोन शब्द इकडचे तिकडे केले म्हणून तो मजकूर तुमचा होत नाही.

११. प्रस्तावना आणि प्रकाशन

आता पहिला परिच्छेद. नाव, भाषा, वाहिनी, पहिल्या आणि शेवटच्या प्रसारणाच्या तारखा, निर्मिती संस्था, मूळ मालिका कोणती, मुख्य भूमिका कोणाच्या. मग महत्त्वाची एक-दोन वाक्यं, तीही खाली संदर्भासह आलेली. ‘सुप्रसिद्ध’, ‘गाजलेली’, ‘लाडकी’ ही विशेषणं शोधून काढून टाका.

धूळपाटीतून मुख्य पानावर नेण्याआधी झलक पाहा आणि मोबाइलवरही पाहा. रुंद तक्ते तिथे हमखास फाटतात. त्यानंतर वर्ग जोडा: भाषा, वाहिनी, सुरू झाल्याचं वर्ष. सगळ्या भाषांमधली पानं एकमेकांना जोडणाऱ्या विकिडेटावर या मालिकेची नोंद आधीच आहे का ते इंग्रजी नावाने शोधा आणि असेल तर तिलाच पान जोडा. नवी नोंद केलीत तर इतर भाषांचे दुवे पानावर दिसणार नाहीत. शेवटी वाहिनीच्या आणि मुख्य कलाकारांच्या पानांवरून इकडे दुवे द्या, नाहीतर पान अनाथ राहतं.

बदलांचा आढावा लिहायच्या पेटीत काय केलं ते दोन शब्दांत लिहा. पान ध्यानसूचीत टाका, म्हणजे त्यात झालेले बदल तुम्हाला दिसत राहतील. पहिल्या आठवड्यात कोणीतरी येऊन ‘सुपरहिट’ हा शब्द घालेलच. तो काढा, चर्चा पानावर कारण लिहा आणि चिडू नका. बहुतेक वेळा ती व्यक्ती मालिकेची चाहती असते आणि तिच्याकडे तुम्हाला न सापडलेलं एखादं जुनं कात्रण असू शकतं. ते मागून घ्या.